आस्वाद आणि राखण : हेमंत-शिशिरांच्या वर्णनासंबंधी काही विचार

मराठी वाङ्मयातील ऋतुवर्णनांची टिपणे करावयास कोणी बसला, तर त्याच्या वहीत पावसाळ्याची पाने भरभरून जातील, वसंताची बऱ्यापैकी भरतील आणि हेमंत-शिशिरांच्या नावापुढे मात्र बरीच जागा कोरी राहील. असे का व्हावे, याचे एक ठरीव उत्तर अध्यापनात नेहमी दिले जाते. आपल्याकडची थंडी सौम्य. तिच्यात बर्फ नाही, वादळ नाही, मेघांचा गडगडाट नाही. ज्या ऋतूत काही घडतच नाही त्याचे काव्य व्हावे तरी कसे? हे उत्तर सोयीचे आहे, परंतु ते खरे नाही. दख्खनच्या पठारावरील शेतकऱ्याच्या वर्षात मार्गशीर्ष ते माघ हा काळ रिकामा तर नाहीच, उलट कमालीचा गजबजलेला असतो. शाळू निसवतो, हरभऱ्याला घाटे धरतात, गुऱ्हाळे पेटतात, उत्तरेकडून पाखरांचे थवे उतरतात आणि त्या पाखरांपासून कणसे राखण्यासाठी माणसे गाव सोडून शेतात वस्तीला जातात. या दिवसांत घडते पुष्कळ. परंतु ते ज्याच्या डोळ्यांदेखत घडते तो बहुधा लिहीत नाही, आणि जो लिहितो तो बहुधा चार दिवसांचा पाहुणा असतो.

हिवाळ्यातील सृष्टीचा व पशुपक्ष्यांचा आस्वाद ग्रामीण जीवनात कोणत्या रूपाने घेतला जातो, आणि त्या रूपाला वाङ्मयात कोठे वाट मिळाली आहे, एवढाच प्रश्न येथे विचारासाठी घेतला आहे. त्यातून आस्वादाच्या आपल्या प्रचलित कल्पनेविषयी एक शंका उपस्थित होते. ती शेवटी मांडू.

आरंभ रामायणापासून करणे इष्ट. कारण हेमंताचे एक अत्यंत सविस्तर प्राचीन वर्णन महाराष्ट्राच्याच भूमीवर घडलेले म्हणून परंपरेने मानले आहे. अरण्यकांडाच्या प्रचलित पाठातील सोळाव्या सर्गात पंचवटीतील हेमंत लक्ष्मणाच्या तोंडून येतो. पहाटेची वेळ आहे. राम गोदावरीवर स्नानाला निघाला आहे. मागून पाण्याचा कलश घेऊन लक्ष्मण चालला आहे, बरोबर सीता आहे. चालता चालता लक्ष्मण जे बोलतो त्यात अरण्य आहे तितकेच शेत आहे. नव्या धान्याने पितरांची व देवांची पूजा करून मोकळी झालेली माणसे आहेत. गहू आणि यव यांच्यावर पसरलेले धुके आहे, त्यातून ऐकू येणारा क्रौंच-सारसांचा आवाज आहे. दाण्यांनी भरून किंचित कललेल्या, सोन्याच्या रंगाच्या साळी आहेत, आणि त्यांच्या लोंब्यांना खजुराच्या फुलोऱ्याची उपमा दिली आहे. ही उपमा घरात बसून सुचणारी नव्हे. खजुराचा किंवा शिंदीचा फुलोरा आणि भाताची भरली लोंबी ही दोन्ही ज्याने लागोपाठ पाहिली आहेत, त्यालाच त्या दोहोंतील वाकणीचे साम्य जाणवेल.

याच वर्णनात दोन प्राणिचित्रे आहेत. तहानलेला रानहत्ती पाण्याला सोंड लावतो आणि थंडीच्या चटक्याने ती मागे घेतो. पाणपक्षी पाण्याच्या काठाशीच बसून राहतात, आत उतरत नाहीत. कवी त्यांना रणात शिरण्यास कचरणाऱ्या भित्र्या माणसांची उपमा देतो. उपमा थोडी चेष्टेची आहे, आणि सर्गाच्या गंभीर रचनेत ती चेष्टा फार सुखकर वाटते. परंतु उपमेच्या आधी जे आहे ते निखळ निरीक्षण आहे. हेमंतातील पाण्याचा गारठा माणसाच्या अंगावर शहारा आणून कवीने सांगितलेला नाही. त्याने तो हत्तीच्या सोंडेने आणि पाखरांच्या न उतरण्याने सांगितला आहे.

आता परंपरेने या सर्गातून काय उचलले ते पाहावे. धुक्याने निस्तेज झालेल्या चंद्राला निःश्वासाने आंधळ्या झालेल्या आरशाची उपमा याच सर्गात आहे. नवव्या शतकात आनंदवर्धनाने 'ध्वन्यालोका'त ती उदाहरण म्हणून घेतली आणि 'अंध' या शब्दाचा वाच्यार्थ तेथे कसा पूर्णपणे बाजूस सारला जातो हे दाखविले. त्या विवेचनाचे मोल कोणीही नाकारणार नाही. तथापि परिणाम असा झाला की तो आरसा आपल्या काव्यशास्त्राच्या प्रत्येक विद्यार्थ्याला ठाऊक झाला, आणि सोंड मागे घेणारा हत्ती जेथल्या तेथे राहिला. शास्त्राला जेथे शब्दाची वक्र गती सापडते तेथे ते थांबते. जेथे पाहणे सरळ आणि पुरेसे आहे तेथे त्याला करण्यासारखे काही उरत नाही, म्हणून ते पुढे जाते. पुढील काळात ऋतुवर्णनाचा सांगाडा उरला व डोळा हरवला, त्याचे एक कारण हेही असावे असा प्रस्तुत लेखकाचा तर्क आहे.

या सर्गाचा शेवटही ध्यानात घेण्याजोगा आहे. एवढे सर्व पाहून झाल्यावर लक्ष्मणाला भरताची आठवण होते. सुखात वाढलेला तो सुकुमार भाऊ रात्रीच्या शेवटच्या प्रहरी शरयूच्या थंड पाण्यात कसा उतरत असेल, असे त्याच्या मनात येते. थंडीचे सौंदर्य आणि थंडी सोसणाऱ्याची चिंता ही दोन्ही एकाच मनात, एकाच पायवाटेवर येतात. पहिलीने दुसरीला खोटे पाडलेले नाही.

'ऋतुसंहारा'बद्दल फार लिहिण्याचे कारण नाही. चौथा सर्ग हेमंताचा, पाचवा शिशिराचा. दोन्हींत पिकलेली साळ आहे आणि क्रौंचांचा आवाज आहे. शिशिरात ऊस व गूळ यांचीही नोंद आहे. म्हणजे शेताची सीमा कवीला दिसते. परंतु ती दिसते न दिसते तोच आपण बंद खिडक्यांच्या आत येतो, आणि पुढचे सर्व वर्णन नागर विलासाचे आहे. क्रौंच म्हणजे नेमका कोणता पक्षी याविषयी अभ्यासकांत एकवाक्यता नाही. कोणी सारस म्हणतात, कोणी करकोच्यांपैकी एखादा. 'ऋतुसंहारा'च्या वाचकाला मात्र हा निर्णय झाला नाही तरी काही अडत नाही, कारण तेथे क्रौंच हा पक्षी नसून ऋतूची खूण आहे. पंचवटीच्या सर्गात तसे म्हणता येत नाही. तेथे आवाज धुक्यातून येतो, गव्हावरून येतो, सूर्य वर आल्यावर येतो. जाता जाता एक गोष्ट नमूद करावीशी वाटते. पंचवटीच्या खाली, त्याच गोदावरीवर निफाड तालुक्यात नांदूर मध्यमेश्वरचे पाणथळ आहे. २०२० साली त्याला रामसर करारान्वये आंतरराष्ट्रीय महत्त्वाचे स्थळ म्हणून मान्यता मिळाली, आणि असा मान मिळालेले ते महाराष्ट्रातील पहिलेच स्थळ. हिवाळ्यात तेथे पाखरे उतरतात ती गहू-हरभऱ्याच्या शेतांच्या शेजारी. या सर्गाचा अध्यापक आपल्या विद्यार्थ्यांना एकदा पौषातील पहाटे तेथे घेऊन गेला, तर त्याचे दोन तास वाचतील.

खरा विचार करावयाचा आहे तो 'गाथासप्तशती'चा. हालाच्या नावावर असलेला हा माहाराष्ट्री प्राकृतातील संग्रह आपल्या भाषेच्या पूर्वपरंपरेत येतो, आणि सदाशिव आत्माराम जोगळेकर यांनी १९५६ साली तो विस्तृत प्रस्तावनेसह मराठी वाचकांपुढे ठेवला तेव्हापासून त्याविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. परंतु शृंगार आणि समाजचित्र या दोन कप्प्यांतच बहुतेक लेखन वाटले गेले. गाथेतील ऋतू हा तिसरा विषय आहे असे सहसा मानले जात नाही. याचे कारण असे, की गाथेत ऋतुवर्णन म्हणून वेगळे काही नाहीच. ऋतू आहे तो पिकांच्या अवस्थेतून.

पहिल्याच शतकातील एक गाथा घ्या. साळीची शेते पांढुरकी पडत चालली म्हणून मान खाली घालून रडणाऱ्या मुलीला तिची सखी समजावते : रडतेस कशाला, सणाचा मळा पाहा, हरताळाने तोंड रंगविलेल्या नटीसारखा झाला आहे. टीकाकार सांगतात की साळ कापली जाणार म्हणून संकेतस्थान गेले, आणि सणाच्या मळ्याने नवे दिले. अर्थ बरोबरच आहे. परंतु हा अर्थ लागण्यापूर्वी वाचकाला काय काय ठाऊक असावे लागते? साळ पिकू लागली म्हणजे तिचा हिरवेपणा उडून ती फिकी दिसते, हे. सण म्हणजे ज्याला आपण ताग म्हणतो ते पीक, हे. तो माणूसभर उंच वाढतो व दाट असतो, हे. आणि त्याची फुले झगझगीत पिवळी असतात, हे. ज्याने तागाचा फुललेला मळा पाहिलेला नाही त्याला हरताळाची उपमा अलंकारिक अतिशयोक्ती वाटेल. ज्याने पाहिला आहे तो म्हणेल की यात अलंकार थोडा आणि वर्णनच अधिक. त्या दोन मुलींचे सारे सुखदुःख शेतांच्या रंगांवर टांगलेले आहे. त्यांना निसर्गाकडे 'निसर्ग' म्हणून पाहण्याची सवड नाही, आणि तरीही त्या ज्या बारकाईने पाहतात ती सवड असलेल्या कितीतरी कवींच्या ठिकाणी आढळत नाही.

याच शतकातील दुसरी एक गाथा तर काव्यशास्त्रात विख्यातच आहे. कमळाच्या पानावर निश्चल बसलेली बगळी पाचूच्या ताटावर ठेवलेल्या शंखशिंपीसारखी शोभते, ही ती गाथा. मम्मटाने 'काव्यप्रकाशा'त ती घेतली. बगळी हलत नाही, म्हणजे ती निर्धास्त आहे. निर्धास्त आहे, म्हणजे जागा निर्जन आहे. निर्जन आहे, म्हणजे ते संकेतस्थान आहे. व्यंजनेची ही साखळी कितीही सुंदर असली तरी तिच्या शेवटच्या कडीशी पोहोचेपर्यंत बगळी उडून गेलेली असते. येथे आपल्याला थोडे मागे यावेसे वाटते. पक्ष्याच्या स्थिरतेवरून माणसांचा वावर ओळखणे ही मुळात कोणाची विद्या? ती काव्यशास्त्रज्ञाची नव्हे. ती पारध्याची, गुराख्याची आणि रात्री पीक राखणाऱ्या माणसाची विद्या आहे. टिटवी ओरडली म्हणजे माळावरून काहीतरी चालले आहे, पाखरे एकदम गप्प झाली म्हणजे वर ससाणा आहे, हे तो क्षणात जाणतो. मम्मटाने ज्याला व्यंजना म्हटले तिचे मूळ या रानातील अनुमानात आहे असे म्हटले तर ते धाडसाचे होईल, पण निराधार होणार नाही.

तिसरी गाथा थंडीचीच आहे, आणि आपल्या विषयाच्या दृष्टीने ती सर्वांत महत्त्वाची. माघाच्या महिन्यात एक कुणबी अंगावरचे पांघरूण देऊन बैल घेतो. त्याची दृष्टी बायकोकडे आहे. त्या सावळीची ऊब त्याला धूर नसलेल्या कोंड्याच्या आगीसारखी वाटते. ही गाथा बहुधा शृंगाराचे किंवा विनोदाचे उदाहरण म्हणून सांगितली जाते, आणि ती विनोदी आहेही. परंतु तीत तीन वस्तूंचे मोल एकमेकांशी ताडून पाहिले आहे : पांघरूण, बैल आणि ऊब. भर माघात पांघरूण देणारा माणूस मूर्ख नाही. थंडी दीड-दोन महिन्यांची आणि बैल कित्येक वर्षांचा, हा त्याचा हिशेब आहे. आणि तो हिशेब करताना त्याला कोंड्याची धगधगती, धुराविना आग आठवते. ती आग त्याने अनेक रात्री पाहिली आहे, तिच्याशी शेकला आहे. धूर नसणे ही तिची विशेष गोडी आहे हे अनुभवी माणसाखेरीज कोणाला सुचणार नाही. हिशेब आणि आस्वाद या दोन क्रिया येथे वेगळ्या काढता येत नाहीत.

आधुनिक मराठीकडे वळताना मर्ढेकरांचे नाव आधी घेणे भाग आहे, कारण शिशिराचे नाव एका महत्त्वाच्या संग्रहाच्या मुखपृष्ठावर त्यांनी आणले. 'शिशिरागम' १९३९ साली प्रसिद्ध झाला. त्यातील शिशिर हा गळत्या पानांचा, अकारण दाटून येणाऱ्या हुरहुरीचा ऋतू आहे. तो खराच आहे, परंतु तो मनाचा ऋतू आहे. त्या शिशिरात कोठे हरभरा उगवलेला नाही. गंमत अशी की मराठीतील एक अत्यंत प्रसन्न हिवाळी सकाळ याच कवीने लिहिली, आणि ती मुंबई बंदरावरची माघातील सकाळ आहे. ज्या भाषेचे बहुसंख्य बोलणारे खेड्यांत राहत होते, तिच्या नवकाव्यातील माघाची प्रभात बंदरावर उगवावी, ही घटना वाङ्मयेतिहासाने नोंदवून ठेवण्यासारखी आहे. यात मर्ढेकरांचा दोष नाही. त्यांनी आपल्या डोळ्यांपुढचे लिहिले.

दुर्गा भागवतांच्या 'ऋतुचक्रा'ने १९५६ साली ही कोंडी बऱ्याच अंशी फोडली. महिन्यामहिन्याने सृष्टीचे रूप न्याहाळणारे हे पुस्तक मराठी ललितगद्यात एकटे उभे आहे. लोकसाहित्याच्या अभ्यासाने आलेली शब्दसंपत्ती आणि वनस्पतींची खरी ओळख यांमुळे त्यांचा हिवाळा आपल्याला दिसतो, वासाला येतो. आपल्याकडे सगळी झाडे एकदम निष्पर्ण होत नाहीत, एकाचे गळणे आणि दुसऱ्याचे फुटणे शेजारी शेजारी चालू असते, ही गोष्ट इंग्रजी कवितेवर पोसलेल्या रसिकाला त्यांनी शिकविली. या थोर पुस्तकाविषयी एकच मर्यादा सांगावयाची ती अशी, की त्यातील डोळा हिंडणाऱ्याचा आहे. तो झाडाशी थांबतो, फुलाशी थांबतो; पिकाशी त्या मानाने कमी थांबतो. लेखिकेला जे उपजीविकेसाठी राखावे लागत नाही त्याचेच हे चिंतन आहे. ही मर्यादा त्या पुस्तकाच्या शुद्धतेचे कारणही आहे, हे मान्य केले पाहिजे.

बहिणाबाई चौधरींच्या गाण्यांत नेमकी याच्या उलट स्थिती आहे. १९५२ साली त्यांची गाणी पुस्तकरूपाने आली तेव्हा रसिकांनी सुगरणीचा खोपा आणि संसाराचे तत्त्वज्ञान उचलून घेतले. कापणी, रगडणी, उपणणी यांवरील गाणी त्या मानाने मागे राहिली. उपणणीच्या गाण्यात वाऱ्याची आळवणी आहे. निसर्गाच्या शक्तीला उद्देशून बोलण्याचा प्रघात कवितेत जुनाच. परंतु येथे वारा आला नाही तर दाणा आणि भूस वेगळे होणार नाहीत. वाऱ्याविषयीचे प्रेम आणि वाऱ्याची गरज यांत अंतर नाही. वारा सुटल्यावर जो आनंद होतो त्याला सौंदर्यानुभव म्हणावे की काम झाल्याचे समाधान, असा प्रश्न विचारणारा टीकाकार त्या खळ्यावर थोडा हास्यास्पदच दिसेल.

पशुपक्ष्यांच्या बाबतीत व्यंकटेश माडगूळकर आणि मारुती चितमपल्ली ही दोन नावे ओघानेच येतात. माडगूळकरांचा माणदेश कोरडा. 'बनगरवाडी'त ऋतू आहे तो मेंढरांच्या पोटाच्या मापाने, आणि शेवटी दुष्काळ साऱ्यांना उठवतो. पुढे 'सत्तांतरा'त त्यांनी वानरांच्या टोळीतील संघर्ष कोणतीही नीतिकथा न करता सांगितला, तेव्हा मराठी गद्याला जनावराकडे त्याच्याच पातळीवरून पाहता येते हे सिद्ध झाले. चितमपल्लींचे कार्य वेगळ्या जातीचे. वनखात्यात आयुष्य घालवून त्यांनी रानातल्या माणसांच्या तोंडची पाखरांची, झाडांची नावे गोळा केली आणि ती प्रमाण मराठीत आणून रुजविली. नवेगावबांधच्या तळ्यावरील हिवाळी पाहुण्यांविषयी त्यांनी लिहिले ते वाचताना वाटते की एका पक्ष्याला त्याचे खरे नाव परत मिळणे हीच एक वाङ्मयीन घटना आहे. त्यांच्या शैलीत कधी कधी भावुकता अधिक होते. परंतु नाव अचूक असले की भावुकताही सह्य होते.

येथवर ज्या डोळ्याचा वारंवार उल्लेख झाला तो प्रत्यक्ष कसा असतो, हे थोडे विस्ताराने सांगणे आवश्यक आहे. रब्बीची ज्वारी पावसावर नव्हे, जमिनीत मुरलेल्या ओलाव्यावर आणि दवावर वाढते. ती पोटरीतून निसवली की राखण सुरू होते. चार खांबांवर माळा उभा राहतो, गोफण आणि खडे जवळ येतात. सकाळचा प्रहर आणि सांजेचा प्रहर पाखरांचा. रात्र रानडुकरांची आणि हरणांची. पाखरांत सर्वांत मोठा वैरी भोरडी. गुलाबी अंगाची, काळ्या डोक्याची ही पाखरे मध्य आशियाच्या गवताळ मुलखातून पावसाळा सरता सरता येतात, आणि पळस-पांगारा फुलून गेला की परततात. म्हणून तिला पळसमैना हेही नाव आहे. तिचा थवा आकाशात वळतो, आवळतो, पसरतो, एकाएकी काळा होतो आणि एकाएकी विरतो. हे पाहण्यासाठी आता शहरातून माणसे कॅमेरे घेऊन येतात. माळ्यावरचा राखणदारही तेच पाहत असतो. थवा कोणत्या अंगाने वळला म्हणजे तो आपल्या शेतावर बसणार, हे त्याला त्या वळणावरून कळते. गोफण फिरवण्याआधीचा जो क्षणभर तो थांबतो, त्या क्षणात त्याला काय दिसते? थव्याचा आकार त्याला दिसत नाही असे म्हणणे अशक्य आहे, कारण आकारावरूनच तर त्याला निर्णय घ्यावयाचा असतो. भोरडी नाकतोडे आणि टोळही खाते, हेही त्यालाच ठाऊक असते. आणि म्हणून शेत निसवण्यापूर्वी तिला पाहून होणारा आनंद व निसवल्यानंतर होणारा संताप हे दोन्ही एकाच पाखराला एकाच महिन्यात उद्देशून असू शकतात.

हरभऱ्याची आंब हे दुसरे उदाहरण. पहाटे दव पडलेल्या हरभऱ्यावरून स्वच्छ पांढरे फडके फिरवावयाचे, ते आंबट दवाने भिजले की पिळून घ्यावयाचे, आणि ती आंब औषधाला जपून ठेवावयाची. दवाचे मोती किती कवींनी वर्णिले! पण दवाला चव असते हे आंब धरणाऱ्यालाच माहीत. आणि लातूर-धाराशिव-सोलापूरकडची येळवस पाहावी. मार्गशीर्षाच्या अमावास्येला सारे गाव उठून रानात जाते, कडब्याच्या कोपीत पूजा होते, भज्जी आणि आंबील यांचे जेवण उभ्या पिकात बसून होते. आपल्या देशात वनभोजनाला सबब लागते. येथे पीक हीच सबब आणि तेच दैवत. हुरड्याच्या आगटीभोवतीचा आनंदही याच जातीचा, जोवर ती आगटी ज्याची त्याच्याच बांधावर असते तोवर. तिकीट काढून मिळणाऱ्या हुरड्याविषयी बोलण्याचे हे स्थळ नव्हे.

आता शंका मांडतो. आस्वादासाठी ताटस्थ्य हवे, ज्या वस्तूत आपला स्वार्थ गुंतला आहे तिचे सौंदर्य आपल्याला शुद्धपणे अनुभवता येत नाही, हा विचार आपल्या सौंदर्यचर्चेत इतका रुळला आहे की त्याचा उगमही आपण विचारीत नाही. कांटच्या मीमांसेतून तो आला, रा. भा. पाटणकरांच्या 'सौंदर्यमीमांसे'ने १९७४ मध्ये त्याची सांगोपांग चिकित्सा मराठीत करून ठेवली. दुसऱ्या बाजूने अभिनवगुप्ताने रसविघ्ने सांगताना स्वतःच्या सुखदुःखात बुडून जाणे हे एक विघ्न म्हणून नोंदविले. दोन्ही दिशांनी एकच निष्कर्ष काढला गेला : शेतात राबणाऱ्याला शेताचे सौंदर्य दिसत नाही, ते पाहण्यासाठी शहरातून कोणी यावे लागते. परंतु अभिनवगुप्त बोलत होता तो नाट्याच्या आणि काव्याच्या प्रेक्षकाविषयी. शेताच्या बांधावर उभ्या असलेल्या माणसाविषयी नव्हे. आणि ताटस्थ्याची कसोटी लावावयाची तर सणाच्या मळ्याकडे पाहणारी ती मुलगी, पांघरूण देऊन बैल घेणारा तो कुणबी, वाऱ्याला हाक मारणाऱ्या बहिणाबाई, हे सर्व अरसिक ठरतात. जी कसोटी आपल्या वाङ्मयातील उत्तमांत उत्तम हिवाळी चित्रे अरसिकांच्या नावावर टाकते, ती कसोटी निदान या विषयापुरती तरी बाजूस ठेवावी लागेल. स्वार्थाने दृष्टी आंधळी होते तशी तीक्ष्णही होते. राखण हा एक प्रकारचा दीर्घ, सक्तीचा, रात्रंदिवसाचा अवधान-अभ्यास आहे, आणि अवधानावाचून आस्वाद संभवत नाही हे तर कोणताही शास्त्रकार मान्य करील.

या मताला सर्वांत मोठा छेद देणारी कृती मात्र मराठीतील नाही, हिंदीतील आहे; आणि तिला टाळून पुढे जाणे अप्रामाणिकपणाचे होईल. प्रेमचंदांची 'पूस की रात' ही कथा १९३० सालची. हल्कू नावाच्या शेतकऱ्याने घोंगडीसाठी तीन रुपये जमविले आहेत. कथेच्या आरंभीच ते सावकाराला द्यावे लागतात, आणि पौषाच्या रात्री तो जबरा नावाच्या कुत्र्यासह उघड्यावर पिकाच्या राखणीला येतो. गाथेतील कुणब्यानेही थंडीत पांघरूण दिले होते. परंतु त्याने ते स्वतःच्या हिशेबाने दिले आणि त्याबदली बैल त्याच्या दावणीला आला. हल्कूची घोंगडी येण्यापूर्वीच गेली आणि तिच्या बदली काहीच आले नाही. दोन चित्रांमधला हा फरक थंडीचा नाही, व्यवहाराचा आहे.

पुढे काय होते ते सर्वांना ठाऊक आहे. थंडी असह्य होते तेव्हा हल्कू जवळच्या आमराईतील वाळका पाला गोळा करून जाळतो. ती आग, अंधारात उजळलेली ती झाडे, शेकोटीवरून त्याने लहान मुलासारखी मारलेली उडी, हा हिवाळ्याच्या रात्रीचा आस्वाद आहे. भारतीय कथेत इतका उत्कट आस्वाद क्वचितच आला असेल. आणि त्याच वेळी शेतात नीलगाईंचा कळप शिरतो. हल्कूला ते ऐकू येते. राखणदाराचे कान आहेत. चरण्याचा कुरकुर आवाज त्याला ओळखू येतो. तो स्वतःची समजूत घालतो, एकदा उठतो, दोन पावले जातो, वाऱ्याचा झोत लागताच परत राखेजवळ येऊन बसतो. सकाळी शेत उजाड झालेले असते, बायको कपाळाला हात लावते, आणि तो म्हणतो की आता रात्री थंडीत येथे झोपावे तरी लागणार नाही.

म्हणजे येथे आस्वाद राखणीतून उगवत नाही. राखण सुटल्यावरच तो मिळतो. वर जे मांडले त्याला ही कथा खोडते का? प्रस्तुत लेखकाच्या मते ती खोडीत नाही, त्याची हद्द आखून देते. पीक राखले तरी ते सावकाराच्या घरी जाणार हे ज्याला पक्के ठाऊक आहे, त्याच्या अवधानाला टेकू उरत नाही. त्याचे कान शाबूत असतात, ज्ञान शाबूत असते. पण त्या ज्ञानाने उठावे असे काही शेतात राहिलेले नसते. गाथेतील कुणब्याचे आणि माळ्यावरच्या राखणदाराचे पाहणे तीक्ष्ण असते ते दाणा आपल्या कणगीत पडणार म्हणून. हा आधार काढून घेतला की हिवाळ्याची रात्र हल्कूसाठी दोन तुकड्यांत फाटते : एकीकडे ऊब, दुसरीकडे शेत. ग्रामीण साहित्यातील निसर्गवर्णने तपासताना ते सुंदर आहे की नाही एवढेच न विचारता, ते पाहणाऱ्याचे शेताशी नाते कोणते, मालकाचे, वाटेकऱ्याचे, सालगड्याचे की पाहुण्याचे, हे विचारणे यासाठी अगत्याचे आहे. आपल्या विभागातील कोणी या दिशेने गेल्या शंभर वर्षांची कथा-कादंबरी वाचून काढली तर पुष्कळ ठरीव मते बदलावी लागतील.

आणि जबरा विसरू नये. मालक राखेशेजारी बसून आहे, नीलगाई चरत आहेत, आणि त्या रात्री शेतात घसा फाटेस्तोवर ओरडत राहिलेला एकच राखणदार आहे. त्याने सावकार पाहिलेला नाही.